गाडी ढकलायची किती आणि उचलायची किती?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ठाण्याच्या एक वाचक लिहितात: सासर गुहागरजवळच्या एका वाडीत. मोठा मुलगा ३ वर्षांचा, धाकटी ९ महिन्यांची. दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. येत्या मे महिन्यात मुलांना घेऊन रेल्वेने जाऊन तीन आठवडे गावी राहायचं आहे, पुन्हा गणपतीला जायचं आहे. नवऱ्याने २२ हजारांचा, विमानातल्या डोक्यावरच्या कप्प्यात मावणारा घडीचा ट्रॅव्हल स्ट्रोलर (बाबागाडी) ऑनलाइन हेरून ठेवला आहे. मैत्रीण म्हणते, कोकणातल्या रस्त्यांना मोठ्या, हवेच्या चाकांचीच गाडी हवी. सासूबाई म्हणतात, "आमची चार पोरं कडेवर वाढली, इथे गाडी चालवणार कुठे?" गेल्या मे महिन्यात यांना सातवा महिना होता, मुलगा सारखं उचलून मागायचा आणि तीन आठवडे त्या अंगणाबाहेर पडल्या नाहीत. "यंदा तसं व्हायला नको. कोणती गाडी घेऊ? की दोघांना एकत्र बसवणारी जुळ्यांची गाडी घेऊ?"

उत्तर:

तुमच्या पत्रात गाडीविषयी बरंच आहे, पण माझी नजर अडकली ती "तीन आठवडे अंगणाबाहेर पडले नाही" या वाक्यावर. तुम्हाला गाडी हवी आहे ती घराबाहेर पडता यावं म्हणून. मग निवडही त्याच हिशेबाने करू. मुलांना गाडीत किती मऊ वाटेल याइतकंच, ती गाडी घेऊन तुम्ही एकट्याने बाहेर पडू शकाल का, हे महत्त्वाचं आहे.

तुम्ही, तुमचे यजमान आणि मैत्रीण, तिघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे: कोकणातला रस्ता खडबडीत, म्हणून प्रश्न चाकांचा. तुमची वाडी मी पाहिलेली नाही, पण त्या पट्ट्यातली घरं पाहिली आहेत. ओटीवरून खळ्यात उतरायला दोन-तीन पायऱ्या, खळ्यापुढे आगर, आगरातून नारळी-पोफळींच्या मुळांवरून जाणारी वाट, पुढे दोन गडग्यांमधली, म्हणजे दगडी कुंपणांमधली, अरुंद बोळ आणि मग जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. मध्येच एखादा पऱ्या (ओढा) असला तर त्यावर साकव, म्हणजे छोटा पूल. एवढं ओलांडल्यावर डांबरी रस्ता लागतो, आणि तो खड्ड्यांचा असला तरी बहुतेक कुठलीही बरी गाडी त्यावरून जाते. खरी अडचण घर ते डांबर या टप्प्यात आहे आणि तिथे पायऱ्या आहेत. पायरीवर ५ इंची चाकही चालत नाही आणि १६ इंचीही नाही. तिथे गाडी उचलावीच लागते.

म्हणून दुकानदाराला "खडबडीत रस्त्यावर चालेल ना?" असं विचारण्याआधी घरच्यांना विचारा, दारापासून डांबरापर्यंत गाडी किती वेळा उचलावी लागेल? हवं तर वाडीतल्या कोणाला फोनवर ती वाट चालत दाखवायला सांगा आणि सर्वांत अरुंद जागी पट्टी लावायला सांगा. जुळ्यांची शेजारी-शेजारी बसवायची गाडी साधारण ७५ सेंटिमीटर रुंद असते. गडग्यांमधल्या बोळीत आणि जुन्या घराच्या दारात ती अडकेल, शिवाय दोन मुलांसकट ती चढावर ढकलणं एका माणसाचं काम नाही. ती मनातून काढून टाका.

आता प्रवास मोजू. ठाणे स्टेशनचा जिना. डब्याच्या पायऱ्या, मागून लोटणारे लोक. चिपळूणला उतरायचं, आणि कोकण रेल्वेच्या मधल्या स्टेशनांवर गाड्या मोजकी मिनिटंच थांबतात. पुढे गुहागरपर्यंत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर एसटी किंवा भाड्याची गाडी, डिकीत आधीच बॅगा, आंब्याच्या रिकाम्या पेट्या. शेवटी पाखाडी. यात गाडी ढकलण्याची वेळ फार थोडी येते, उचलण्याची पाच-सहा वेळा. हवेच्या चाकांची मोठी गाडी १० ते १४ किलोची असते. तुमची नऊ महिन्यांची लेक साडेआठ किलोच्या आसपास असेल. दोन्ही मिळून वीस किलोच्या आसपास, आणि दुसऱ्या सिझेरियनला वर्षही झालेलं नाही.

इथे एक प्रश्न तुमच्या यजमानांसाठी. तीन आठवड्यांपैकी ते गावी किती दिवस असतील? बहुतेक घरांत नवरा सोडायला येतो, चार-आठ दिवस राहतो आणि परत न्यायला येतो. मधले दिवस गाडी उचलणार कोण? गाडी ते निवडणार असतील तर त्यांनी ती लेकीला कडेवर घेऊन तुमच्या इमारतीचे दोन जिने चढवून पाहावी. हे टोमणा म्हणून सांगत नाही. वजनाचा आकडा पडद्यावर वाचणं आणि तेच वजन हातात घेणं यात फरक पडतो, आणि तो त्यांना आपोआप कळेल. माझ्या मते तुमची मर्यादा साडेआठ किलोची. त्यावरची गाडी कितीही चांगली असली तरी तुमची नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही न बोलता गृहीत धरली आहे. गाडीत बसणार धाकटी, आणि मोठा चालणार. मी उलट सुचवते. धाकटीला अंगावर बांधा, गाडी मोठ्यासाठी ठेवा.

तीन वर्षांचं मूल जाताना उड्या मारत जातं. शंख-शिंपले वेचतं, बैल बघायला थांबतं. परतीच्या वाटेवर, दिवेलागणीला, ते रस्त्यात बसकण मारतं आणि उचलून मागतं. गेल्या वर्षी तुम्हाला घरात अडकवलं ते यानेच. त्या वयाचं मूल १४ किलोच्या आसपास असतं, ते कडेवर घेऊन चढ चढणं अवघड. नऊ महिन्यांचं बाळ मात्र चांगल्या कॅरियरमध्ये छातीशी किंवा पाठीवर सहज मावतं, आणि पाखाडी, साकव, डब्याच्या पायऱ्या, बाजारातली गर्दी, सगळीकडून जातं. गाडी रिकामी असेल तेव्हा मोठ्याचा हात धरून तीच गाडी एका हाताने ढकलता येते.

असं ठरवलं की गाडीची निवडच बदलते. गाडी किती वजनाचं मूल पेलते, ते आधी बघा. युरोपातल्या ईएन १८८८ या मानकात दोन भाग आहेत, एक १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आणि दुसरा २२ किलोपर्यंतच्या. तुमचा मुलगा १५ किलोला टेकत आला असेल, म्हणजे १५ किलोची गाडी दिवाळीपर्यंत अडगळीत जाईल. २२ किलोची घ्या. पाठीचा टेकू पुरेसा उंच हवा, नाहीतर त्याचं डोकं वरच्या छपराला लागेल. पाठ पूर्ण आडवी होणं सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी गरजेचं असतं, कारण मान सावरली नसताना तिरकं बसवलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडथळा होतो. तुमच्या दोन्ही मुलांसाठी ती अट आता सोडता येईल. तान्हं बाळ असलेल्या वाचकांनी मात्र सोडू नये.

चाकांचं म्हणाल तर मैत्रिणीचं म्हणणं चूक नाही. १४ सेंटिमीटर व्यासाचं चाक ३ सेंटिमीटर उंचीच्या दगडाला भिडलं की ते वर चढवायला आडवा जेवढा जोर लागतो, त्याच्या जवळपास निम्म्या जोरात ३० सेंटिमीटरचं चाक चढतं. लहान चाकाला तो दगड भिंतीसारखा आडवा येतो, मोठ्याला उतारासारखा. विमानात मावणाऱ्या गाड्यांची चाकं साधारण १२ ते १५ सेंटिमीटरचीच असतात, म्हणून त्या विमानतळाच्या फरशीवर लोण्यासारख्या चालतात आणि जांभ्याच्या खडीत रुततात. तुम्ही रेल्वेने जाणार आहात. डोक्यावरच्या कप्प्यात मावण्यासाठी २२ हजार देण्याचं कारण मला दिसत नाही. रेल्वेत गाडी खालच्या बाकाखाली सरकली म्हणजे झालं.

मग घ्यायची कोणती? दोन्हींच्या मधली. वजन ७ ते साडेआठ किलो, मागची चाकं १८ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी, चारही चाकांना स्प्रिंग. चाकं भरीव फोमची असावीत. हवेची चाकं मऊ चालतात हे खरं, पण वाडीत काटा लागून पंक्चर झालं तर त्या मापाची ट्यूब गुहागरच्या सायकलवाल्याकडे मिळेलच असं नाही. पुढच्या बाजूला प्रत्येक कोपऱ्यात जोडचाक असेल तर टाळा, दोन चाकांच्या फटीत खडी आणि सुरूची बोंडं अडकतात. एकेरी चाक बरं. पुढचं चाक सरळ रेषेत अडकवून ठेवायची खिट्टी हवीच. कच्च्या वाटेवर ती लावली नाही तर चाक दर दगडाला वळतं आणि गाडी थरथरते. पट्टा खांदे, कंबर आणि दोन पायांमधून येणारा, पाच ठिकाणी धरणारा असावा.

दुकानात गेलात तर रिकामी गाडी गुळगुळीत फरशीवर फिरवून काही कळत नाही. शक्य असेल तर १० किलो तांदळाची पिशवी तिच्यात ठेवा आणि बाहेरच्या फुटपाथच्या कडेवर चढवून पाहा. दांडा धरून गाडी पिळल्यासारखी हलवा, सांगाडा कुरकुरला किंवा एक चाक वर उचललं गेलं तर पुढे जा. मग लेकीला कडेवर ठेवून एका हाताने घडी करा. विक्रेत्याने करून दाखवणं पुरेसं नाही, तुमच्या हाताने जमली पाहिजे. ओळखीत कोणाकडे वापरलेली गाडी मिळत असेल तर मी तीच घ्या म्हणेन, मुलं दोन वर्षांत मोठी होतात. जुन्या गाडीचा ब्रेक, घडीची कुलपं आणि पट्ट्याची चाप तेवढी तपासा.

हवेच्या चाकांची मोठी गाडी कोणासाठी योग्य आहे, तेही सांगते. ज्यांचं घर डांबरी रस्त्याला लागून आहे, स्वतःची मोठी मोटार आहे आणि गावी वर्षातून बरेच महिने राहणं आहे, त्यांनी ती घेऊन गावीच ठेवावी. मुरुड, कर्दे, गुहागर, अशा लांब पुळणींजवळ (वाळूच्या किनाऱ्यांजवळ) राहणाऱ्यांना ती खरोखर उपयोगी पडेल.

पुळणीचं निघालंच आहे तर भरती-ओहोटीचं सांगायला हवं, कारण गुहागरला राहून समुद्रावर न जाणं कसं जमेल? कोरड्या, भुसभुशीत वाळूत तुमची मधली गाडी चालणार नाही. तेवढा पट्टा ती उलटी फिरवून, मागची मोठी चाकं पुढे करून, ओढत न्या. ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं जातं. एकदा ओल्या, घट्ट वाळूवर पोचलात की गाडी डांबरासारखी पळते. ही ओली वाळू ओहोटीला रुंद होते. आपल्या किनाऱ्यावर कोळी लोक तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला भरती सहाच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमाराला, भर उन्हात. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास. म्हणजे चतुर्दशीपासून द्वितीयेपर्यंतच्या संध्याकाळी तुमच्यासाठी उत्तम, शिवाय त्या दिवसांत पाणी खूप आत जातं. हा अंदाज आहे, थोडं मागेपुढे होतं. निघण्याआधी सासऱ्यांना विचारा, त्यांना विचारलेलं आवडेलही. उन्हं उतरल्यावर जा आणि पाणी परत फिरायच्या आत वर या.

खाऱ्या वाळूनंतर गाडीची चाकं गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. सांगाडा ॲल्युमिनियमचा असला तरी खिळे आणि स्प्रिंगा पोलादी असतात, त्या गंजतात. चाकांच्या कण्यात खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका, त्याला वाळू चिकटून चाक अडतं. सुकी राहणारी सिलिकॉनची फवारणी मिळते, ती वापरा.

आता कॅरियर. पुढच्या बाजूला लोंबकळत ठेवणारा, दोन पायांमध्ये अरुंद पट्टी असलेला नको. बाळाची बैठक गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत आधार देणारी हवी, गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित वर. तिचं डोकं इतकं वर असावं की मान वाकवून मुका घेता येईल, चेहरा सतत दिसावा, हनुवटी छातीला टेकू नये. कमरेचा पट्टा रुंद असेल तर भार खांद्यांवरून कंबरेवर उतरतो. तुमची पाठ किंवा टाके दुखत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. पण ठाण्यातच रोज थोडा वेळ बांधून सराव करा. गावी पोचल्यावर नवीन वस्तू अंगावर घेतली की मूलही बुजतं. आणि यजमान असतील तेव्हा कॅरियर त्यांनी बांधावा. गावातले चार जण बघतील, बघू देत.

सासूबाईंच्या बोलण्याने तुम्ही दुखावल्यासारख्या वाटलात. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पाखाडीवर कडेचाच आधार खरा, आणि माझ्या सल्ल्यातही धाकटी अंगावरच आहे. पण चार मुलं कडेवर वाढली ती एकट्या बाईच्या कडेवर नाही. घरात जावा होत्या, नणंदा होत्या, आते-मामे भावंडं होती, शेजारच्या घरातून कोणीतरी येऊन मूल घेऊन जायचं. आज त्याच घरात दोन म्हातारी माणसं आहेत आणि बहुतेक वेळा दारं बंद असलेली शेजारघरं. हे त्यांना वाद म्हणून सांगू नका. त्यांना बरोबर न्या. व्याडेश्वराच्या दर्शनाला संध्याकाळी सगळे मिळून निघा, नातू गाडीत, नात तुमच्या अंगावर, परतताना भाजीची पिशवी गाडीच्या खालच्या टोपलीत. त्यांचेही गुडघे दुखत असतील. पिशवी मात्र दांड्याला अडकवू नका, मूल उतरलं की हलकी गाडी मागे कलंडते.

सावधगिरीच्या आणखी काही गोष्टी. मे महिन्यात ऊन लागतं म्हणून गाडीवर ओढणी किंवा पंचा झाकण्याची सवय आहे, ती मोडा. पातळ कापडानेही आत हवा खेळत नाही आणि गाडी तापते. छप्पर ओढा, वेळ बदला, अकरा ते चार घरात राहा. फलाटावर थांबलात की दर वेळी ब्रेक लावा. धोपावे-दाभोळ फेरीबोटीतून पलीकडे जाणार असाल तर मुलाला गाडीतून उतरवून हात धरा, गाडी घडी करून ठेवा. लोखंडी उतार ओला असतो आणि दुचाक्या एकदम सुटतात. स्ट्रोलर म्हणजे मोटारीतलं आसन नव्हे. चिपळूणहून भाड्याची गाडी घ्याल तेव्हा मुलांसाठी कारसीट असेल तर ती न्या, त्या वळणांच्या रस्त्यावर मांडीवरचं मूल सावरणं कठीण होतं.

गणपतीला गाडी नेऊ नका. भाद्रपदात जांभ्यावर शेवाळ असतं, रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते, घरात माणसंच इतकी असतात की मूल कोणाच्या ना कोणाच्या कडेवर असतं. कॅरियर, मोठी छत्री आणि घट्ट पकडीच्या चपला पुरतील. मे नंतर गाडी गावीच ठेवायचा मोह होईल. ठेवायचीच तर कापडी भाग काढून ठाण्याला आणा, पावसाच्या चार महिन्यांत माळ्यावर त्याला बुरशी धरते आणि उंदीर पट्टे कुरतडतात.

यजमानांनी ऑनलाइनच मागवायची म्हटलं तर मेच्या बरंच आधी मागवा आणि परत करायच्या अटी वाचा. चाकांना माती लागली की कंपन्या परत घ्यायला कुरकुर करतात. म्हणून आधी घरातच, तांदळाची पिशवी ठेवून, दाराच्या उंबऱ्यावरून पुढे-मागे न्या, जिन्यावरून उचला, दहा वेळा घडी करा. आणि हे सगळं तुम्ही करा, लेक अंगावर बांधून.